मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस मिरज म्हटलें म्हणजे प्रथम डॉक्टर वानलेस यांचें रुग्णालय आठवतें, व तें योग्यच आहे. १८९४ सालीं उघडलेल्या त्या रुग्णालयानें कित्येक घरांवर उपकार केले आहेत. परंतु त्याच गांवांत, त्यापूर्वीं सुमारें चाळीस वर्षें, एका शिकलगारानें एक निराळा उद्योग आरंभिला होता. त्या उद्योगामुळें जेथें जेथें हिंदुस्थानी गाणें चालतें तेथें तेथें मिरजेचें नांव आदरानें घेतलें जातें. त्या शिकलगाराचें नांव फरीदसाहेब. गाणारे लोक त्यांस ओळखतात. मिरजेचे वाद्यें करणारे तर आपली वंशावळच त्यांच्या काळापासून मोजतात. शाळेच्या पुस्तकांत मात्र हें नांव सहसा आढळत नाहीं, म्हणून ह्या अंकांत त्यांची हकीकत देण्याचें आम्हीं योजिलें.

ह्यास आणखी एक निमित्त झालें. आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं मुलांस विजेच्या गिटारचा छंद लागला आहे. तयार गिटार विकत न घेतां आपल्या पसंतीची करवून घ्यावी असा त्यांचा बेत आहे. आणि मग अंग कोणत्या लांकडाचें असावें, मान कोणत्या लांकडाची असावी, ह्याचा वाद मधल्या सुटींत मोठ्या हिरिरीनें चालतो. महोगनी, मेपल, अ‍ॅश, आल्डर हीं नांवें आतां आमच्याही ओळखीचीं झालीं आहेत. त्या वादांत आपल्या तुणीच्या झाडाचें नांव निघालेलें आम्हीं एकदांही ऐकलें नाहीं. वाद्यासाठीं लांकूड कसें पारखावें हा प्रश्न आपल्याच प्रांतांत एका मनुष्यानें पोटासाठीं सोडविला आहे, हें त्या मुलांस कळावें असें आम्हांस वाटतें.

शिकलगार म्हणजे तलवारी, कट्यारी, भाले ह्यांचीं पातीं घासून त्यांस धार व पाणी देणारा. संस्थानाच्या गांवीं ह्या धंद्यास पूर्वीं तोटा नव्हता. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. मिरजेचें पटवर्धनांचें संस्थान राहिलें खरें, पण लढाया राहिल्या नाहींत, आणि लढाई नसेल तर तलवारीस वर्षांतून एकदां, दसऱ्यास, हात लागावयाचा. १८५७ च्या धामधुमीनंतर सरकारनें ठिकठिकाणीं लोकांचीं हत्यारें काढून घेतलीं. १८७८ सालीं तर हत्यारांचा कायदाच झाला. पिढ्यान् पिढ्या ज्या घरांत एकच कसब चालत आलें, त्या घराचें तें कसब कोणास नको झालें म्हणजे चुलीवर काय परिणाम होतो, हें गिरण्या बंद पडल्यावर मुंबईहून मावळांत परत आलेल्या कुटुंबांस समजावून सांगावयास नको. फरीदसाहेब ह्याच पडत्या काळांतील शिकलगार होते. कुऱ्हाडी, विळे व सुऱ्या ह्यांस धार लावून पोट भरणें शक्य होतें; पुष्कळ शिकलगारांनीं तेंच केलें, व त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. फरीदसाहेबांनीं आपल्या बंधूंसह दुसरी वाट धरिली.

ती वाट त्यांस संस्थानच्या दरबारामुळें दिसली. पटवर्धन घराण्यास गाण्याची आवड असून गवई व बीनकार मिरजेस येत-जात. त्यांचे तंबोरे व सतारी उत्तरेकडून आलेल्या असत. त्या काळीं आगगाडी नव्हती. आमच्या बोरघाटांतून गाडी सुरू झाली ती १८६३ सालीं. बैलगाडीच्या हादऱ्यांनीं भोपळा तडकावा, दांडी वांकावी, घोडी झिजावी, हें नेहमींचेंच; आणि एकदां वाद्य बिघडलें म्हणजे तें दुरुस्त करणारा मनुष्य शेंकडों कोसांत नाहीं. अशा वेळीं बिघडलेलें वाद्य फरीदसाहेबांकडे आलें, अशी हकीकत मिरजेंत परंपरेनें सांगतात. ज्याचा हात तलवारीच्या पात्यावर चालतो तो लांकडावरही चालेल, असा दरबारचा हिशेब असावा. फरीदसाहेबांनीं तें वाद्य दुरुस्त केलें, आणि तें खोलून पाहिल्यामुळें तें आंतून कसें बांधलेलें असतें हेंही शिकून घेतलें. पुढें संस्थानच्या आश्रयानें त्यांनीं नवींच वाद्यें करण्यास आरंभ केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची ही गोष्ट आहे.

दुरुस्ती करणें व नवें करणें ह्यांत मोठें अंतर आहे. दुरुस्ती करणाऱ्यास भोपळा व लांकूड आयतें मिळतें. नवें करणाऱ्यास तें शोधून आणावें लागतें, आणि शोधतांना चूक झाली तर ती सहा महिन्यांनीं, तारा चढविल्यावर कळते. फरीदसाहेबांची खरी परीक्षा येथें झाली असें आम्ही समजतों. म्हणून हा भाग थोडा विस्तारानें सांगतों.

तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू भोपळा. ह्याचा वेल मूळचा आफ्रिका खंडांतील, पण आपल्या देशांत तो फार प्राचीन काळापासून आहे. नदीकांठच्या लोकांस तो वाद्यापूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं माहीत होता: वाळलेले भोपळे एकत्र बांधून त्यांची सांगड करावयाची व तिच्या आधारानें पूर उतरून जावयाचें. पंढरपूरच्या आसपास भीमेच्या खोऱ्यांत हे भोपळे चांगले पोसतात. मिरजेचे कारागीर तेथूनच भोपळा आणीत आले आहेत. मोठ्या तंबोऱ्यास चार फुटांहून अधिक घेराचा भोपळा लागतो. आणि नुसता मोठा असून भागत नाहीं. तो सर्व बाजूंनीं सारखा फुगलेला पाहिजे. फळ वेलावर असतांना एका कुशीवर पडून राहिलें तर ती बाजू चपटी होते. म्हणून तें वाढत असतां शेतकऱ्यास त्याची बैठक संभाळावी लागते. तें वेलावरच पुरें पिकूं द्यावें लागतें. अर्धवट पिकलेल्या फळाची साल वाळतांना सुरकुतते. पुरतें वाळल्यावर बी आंत खुळखुळतें, आणि बोटानें टिचकी मारली असतां कवच खणखणीत बोलतें. जेथें आवाज बोदा येतो तेथें साल पातळ आहे किंवा आंत कीड आहे असें समजावें. फार जाड सालीचा भोपळा टिकाऊ, पण आवाजास मुका. फार पातळ सालीचा आवाजी, पण पहिल्याच प्रवासांत फुटणारा. ह्या दोहोंमधील भोपळा शंभरांत किती निघतात हें शेतकरी व कारागीर ह्यांसच माहीत.

निवडलेल्या भोपळ्याचें तोंड कापून तो पाण्यांत भिजत घालतात. मऊ झाला म्हणजे आंतील गर खरवडून काढतात, व तोंडाचा आकार बिघडूं नये म्हणून आडव्या काठ्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवितात. मिरज व पंढरपूर हा भाग कमी पावसाचा आहे, ही गोष्ट ह्या कामीं फार उपयोगीं पडली. आमच्या भुशीस हा धंदा कधीं उभा राहिला नसता. जेथें आषाढांत धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी अखंड कोसळत असतें, जेथें पेटींतील चपला बुरसतात व वर्गांतील खिडक्यांचीं दारें फुगून चौकटींत अडकतात, तेथें भोपळा वाळावा कसा? आपल्या गांवीं ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्यांस श्रावणांत खुंट्या फिरेनाशा होतात हा अनुभव असेलच.

आतां लांकूड. तंबोऱ्याचा गळा, दांडी व भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली हीं लांकडाचीं. त्यासाठीं तुणीचें लांकूड सर्वांत मानलेलें आहे; उत्तरेकडे त्यास तून म्हणतात. सह्याद्रींतही हें झाड होतें. लांकूड तांबूस, हलकें, सुवासिक. त्या वासामुळें वाळवी व किडे त्याच्या वाटेस फारसे जात नाहींत. नीट मुरलेलें असलें तर तें सहसा वांकत नाहीं. आमच्या गिटारवाल्या मुलांनीं येथें लक्ष द्यावें: वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तुणी ही महोगनीच्याच कुळांतील आहे. आपला कडुनिंबही त्याच कुळांतला. परदेशांतून मोठ्या किंमतीनें आणलेल्या ज्या लांकडाचें नांव मुलें घेतात, त्याची भाऊबंद आपल्या डोंगरांत उभी आहे.

परंतु झाडाचें नांव बरोबर असलें म्हणजे लांकूड चांगलें असें नाहीं. त्याच तुणीची एक फळी बोलते व दुसरी बोलत नाहीं. ह्याचीं कारणें साधीं आहेत. खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे चीर देऊन काढलेल्या फळीचे रेषे उभे व समांतर असतात. ती फळी ऋतूप्रमाणें फार फुगत नाहीं व रुंदीभर सारखी राहते. खोड कसेंतरी आडवें चिरलें तर फळी वाळतांना पन्हळीसारखी वांकते. गांठ असली म्हणजे कंप तेथें अडतो. ओलसर लांकूड कंप गिळून टाकतें. म्हणून लांकूड चिरून सावलींत, हवेंत, कित्येक महिने, साधल्यास वर्षानुवर्षें, मुरवीत ठेवावें लागतें. पारख करणारा फळी एका कोपऱ्याजवळ दोन बोटांत लोंबती धरतो व पेराने हलकेच ठोकतो. नाद कांहीं क्षण टिकला तर ती तबलीस घ्यावयाची. थप्प असा आवाज होऊन विरला तर तिचें दुसरें कांहीं करावें. दांडीस जें लांकूड लागतें तें तबलीहून निराळ्या गुणाचें: तेथें नादापेक्षां ताण सोसण्याची शक्ति अधिक पाहावयाची, कारण चारही तारांचा ओढा रात्रंदिवस तिच्यावर असतो. खुंट्यांस तर शिसवासारखें कठीण लांकूडच पाहिजे. मऊ लांकडाची खुंटी भोंकांत झिजते व सूर उतरतो. एकाच वाद्यांत असे निरनिराळ्या स्वभावाचे घटक एकत्र नांदवावयाचे असतात.

योगायोग असा कीं, फरीदसाहेब मिरजेंत हा उद्योग करीत होते त्याच काळांत स्पेन देशांत आंतोनियो दे तोरेस हा सुतार गिटारचें रूप पालटीत होता. त्याचा जन्म १८१७ सालचा व मृत्यु १८९२ सालचा. आज जी साधी, विजेवांचून वाजणारी गिटार आपण पाहतों तिचा घाट मुख्यतः त्याचा. १८६२ सालीं त्यानें एक विलक्षण गिटार केली: तिची पाठ व बाजू कागदाच्या लगद्याच्या, फक्त वरची तबली चांगल्या लांकडाची. वाद्याचा आवाज मुख्यतः तबलींत असतो, हें त्यास दाखवावयाचें होतें. तें वाद्य बार्सेलोनाच्या संग्रहालयांत अजून आहे. आतां मिरजेचा तंबोरा पाहा. त्याची पाठ व बाजू म्हणजे एका वेलाचें वाळलेलें फळ. जड लांकडाची तेथें जरुरच ठेवलेली नाहीं. तोरेसनें जें एकदां प्रयोग म्हणून केलें तें आमच्याकडे नित्याची रीत होती. दोघांस एकमेकांचें नांवही ठाऊक असण्याचा संभव नाहीं. इकडे दक्षिणेंत तंजावरकडे मात्र वीणेचें अंग फणसाच्या लांकडाचें कोरून काढतात. तीही जुनी व उत्तम पद्धति आहे. तेव्हां अमुकच लांकूड देवानें वाद्यासाठीं निर्मिलें असें म्हणण्यास जागा नाहीं. जेथें जें पिकतें त्याचा स्वभाव ओळखून कारागीर काम करतो.

फरीदसाहेबांच्या जुन्या धंद्याचा खरा उपयोग झाला तो आमच्या मतें जवारींत. तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद, वरून अगदीं किंचित् उतरती व गोलसर असते. तार तिच्यावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि मध्यें घातलेला सुताचा दोरा योग्य जागीं सरकविला म्हणजे एकाच तारेंतून अनेक सूर झगमगत बाहेर पडतात. ह्यासच जवारी म्हणतात. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं ह्या घोडीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. तार ज्या ठिकाणीं छेडली असतां विशिष्ट उपसूर मुळींच निघूं नयेत असा युरोपांतील पंडितांचा नियम होता, त्या ठिकाणीं छेडूनही तंबोऱ्यांतून ते उपसूर स्पष्ट ऐकूं येतात, व ह्याचें कारण ही घोडी आहे, असें त्यांनीं दाखविलें. घोडीचा तो उतार कानशीनें साधावयाचा असतो, आणि कानस केसभर अधिक चालली तर सूर मरतो. पात्यावर उजेड कसा सरकतो हें पाहून धारेचा चढउतार ओळखणारे डोळे व अदमासानें दाब कमीजास्त करणारा हात शिकलगाराच्या घरीं वारशानें मिळालेला होता. तलवारीसाठीं कमावलेली ती नजर अशा रीतीनें सुराच्या कामीं आली. लाखेची चकाकी देणें, कडेस हस्तिदंती नक्षी भरणें, ह्या गोष्टीही त्या हातास परक्या नव्हत्या. हस्तिदंत आतां कायद्यानें वर्ज्य आहे, व तें चांगलेंच झालें.

पुढें मिरज हें गाण्याचें मोठें ठाणें झालें. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेथें दरबारीं राहिले. त्यांच्यापाशीं विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. पलुसकरांचे डोळे लहानपणीं दारूकामानें अधू झाले, म्हणून त्यांस औषधोपचारासाठीं मिरजेस आणलें होतें. डोळे बरे झाले नाहींत, पण गाणें मिळालें. १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. किराण्याचे अब्दुल करीमखाँसाहेबही शेवटीं मिरजेचेच झाले. १९३७ च्या ऑक्टोबरांत मद्रासेजवळ प्रवासांत त्यांचें देहावसान झालें, व त्यांस मिरजेंत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत मूठमाती दिली. एवढे गवई एका गांवीं आले म्हणजे कारागिरास दोष दाखविणारे कान रोज दारांत असतात. आमच्या समजुतीनें मिरजेचा तंबोरा सुधारत गेला ह्याचें अर्धें श्रेय ह्या चोखंदळ गिऱ्हाइकांचें आहे. पुरुषांच्या खर्जाच्या आवाजास लांब दांडीचा, मोठ्या भोपळ्याचा व जाड तारांचा तंबोरा, स्त्रियांच्या आवाजास आंखूड व लहान, हा भेदही गळा ऐकूनच ठरवावयाचा असतो.

फरीदसाहेबांनीं हें कसब घरांत कोंडून ठेवलें नाहीं. भाऊबंदांस व त्यांच्या मुलांस तें शिकविलें. तीं घरें वाढलीं व त्यांची एक गल्ली झाली. आजचे कारागीर सहाव्या-सातव्या पिढीचे आहेत. एका कारागिराच्या यशानें एका जातीचा पडलेला धंदा उभा राहिला, असें उदाहरण आमच्या माहितींत फार नाहीं.

विजेच्या गिटारविषयीं मुलें आमचें मत विचारतात, तें येथेंच देतों. त्या वाद्यास बहुधा पोकळ अंग नसतें. पोलादी तारेचा कंप लोहचुंबक व तारेचें वेटोळें पकडतें व यंत्र तो मोठा करतें. लेस पॉल यांनीं १९४० च्या सुमारास एका चौकोनी तुळईवर तारा चढवून असें वाद्य करून पाहिलें. १९५० पासून फेंडर यांच्या व १९५२ पासून गिब्सन कंपनीच्या अशा गिटारी बाजारांत आल्या, दुसरी महोगनीच्या अंगावर मेपलची जाड पाटी बसविलेली. अशा वाद्यांत लांकडाच्या जातीचा आवाजावर किती परिणाम होतो ह्यावर जाणत्यांतही एकमत नाहीं, आणि तो तंबोऱ्याइतका नाहीं हें उघड आहे. पण मान वांकूं नये, खुंट्या ढिल्या पडूं नयेत, दोन तास खांद्यावर घेतां यावी इतकी ती हलकी असावी, व भुशीचा एक पावसाळा तिनें सहन करावा, ह्या गोष्टी लांकडावरच अवलंबून आहेत. म्हणून मुलांनीं नांवाच्या मागें न लागतां फळी मुरलेली आहे कीं नाहीं, रेषे सरळ आहेत कीं नाहींत, हें आधीं पाहावें. आणि पैसे पालकांचे आहेत हेंही लक्षांत ठेवावें. लोणावळ्याच्या एखाद्या वखारींत जुन्या दाराची मुरलेली तुणी मिळाली तर तीवर हात चालवून पाहण्यास हरकत नाहीं.

मिरजेस आज दोन अडचणी आहेत. एक, खिशांतील यंत्रांतून तंबोऱ्याचा आवाज फुकट मिळूं लागला आहे, व नवशिके त्यावरच भागवितात. दुसरी, भोपळा. भीमेच्या खोऱ्यांत ज्यास ऊस लावतां येतो तो शेतकरी वेलावरील एकेका फळाची बैठक संभाळीत बसण्यास सहजासहजीं तयार होत नाहीं, आणि अवकाळी पाऊस आला तर उभीं फळें सडतात. तरी काम थांबलेलें नाहीं. २०२४ सालीं मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा ह्या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे दुसरीकडे केलेलें वाद्य मिरजेच्या नांवानें विकणें आतां कायद्यानें अडतें. फरीदसाहेबांच्या कुळाचें शिकलगार हें नांव मागें पडून सतारमेकर हें आडनांव रूढ झालें आहे, आणि ती गल्लीही सतारमेकर गल्ली म्हणूनच ओळखली जाते. मिरज स्टेशनवर उतरून कोणासही विचारल्यास वाट दाखवितात.